हरकतीचा मुद्दा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: फोर्ट, मुंबई. सकाळ. कमानींखालचा फुटपाथ, बंद शटरं.]

दादाभाई नौरोजी मार्ग. सकाळचे सात वाजलेत. दुकानं अजून उघडायची आहेत. फुटपाथवर पाणी मारून कुणीतरी नुकतंच झाडून गेलंय. स्टेशनाकडून येणारी गर्दी हळूहळू वाढते आहे. या रस्त्यावरच्या आनंद भवनात सिद्धार्थ महाविद्यालय आहे.

२० जून १९४६ रोजी ते सुरू झालं, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत वर्ग भरायचे, तेही सकाळी. दिवसभर कुठे कारकुनी करणाऱ्या, पोटासाठी नोकरी करणाऱ्या मुलांना पदवी घेता यावी म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदल्या वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती, तिचं हे पहिलं महाविद्यालय.

या कॉलेजात विद्यार्थ्यांची एक संसद होती. खेळातली, सरावाची. आज आपण तिला अभिरूप संसद म्हणतो.

[दृश्य: काळ्या पडद्यावर तारीख: ११ जानेवारी १९५०.]

प्रजासत्ताक अस्तित्वात यायला फक्त पंधरा दिवस राहिले होते. राज्यघटना मंजूर झाली होती, पण अंमल सुरू व्हायचा होता. अशा दिवसांत देशाचे कायदेमंत्री या विद्यार्थ्यांच्या संसदेच्या दुसऱ्या अधिवेशनात बोलायला आले. संस्थेचे संस्थापक, घटनेचे शिल्पकार. मुलांना चार आशीर्वादाचे शब्द सांगून ते गेले असते, तरी कुणाला काही उणं वाटलं नसतं.

बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले.

हे नीट समजून घ्यायला हवं. त्या वेळी देशात याहून जास्त पेटलेला विषय शोधून सापडला नसता. हिंदूंचे लग्नाचे आणि वारशाचे कायदे एकत्र करून सुधारणारं हे विधेयक: मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क, एकपत्नीत्व, घटस्फोटाची मुभा, आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता. १९४८च्या एप्रिलमध्ये विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, गेलं होतं आणि तेव्हापासून अडत, ठेचकाळत पुढे सरकत होतं. सत्तारूढ पक्षातले लोकच त्याच्या आड येत होते. खऱ्या सभागृहात ज्याचा निकाल लागलेला नाही, ते विधेयक मंत्री विद्यार्थ्यांच्या सभागृहात घेऊन आले. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. या मुलांना काय कळणार, असं त्यांनी मानलं नाही.

सूरही बघा कसा होता. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, वकिलासारखी बाजू मांडली. या विधेयकाला क्रांतिकारक म्हणणं बरोबर नाही, असं त्यांनी सांगितलं. नव्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला ते वाट देतं, जुन्या रीतीने राहणाऱ्याला अडवत नाही. ठिकठिकाणी विखुरलेला कायदा एकत्र आणायचा, आणि तो लोकांना समजेल असा करायचा.

'विखुरलेला' म्हणजे किती, ते कायद्याच्या विद्यार्थ्याला विचारा. बंगालात दायभाग, बाकी बहुतेक देशात मिताक्षरा, त्यातही मुंबई-गुजरातकडे व्यवहारमयूखाला मान. हे सगळे वारसाहक्क ठरवणारे जुने धर्मशास्त्रीय ग्रंथ. बाप वारला की मालमत्ता कुणाकडे जाणार, हे तुम्ही कुठल्या प्रांतात जन्मलात त्यावर ठरायचं. संपूर्ण देशाला एक नागरी कायदा असावा, असं घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नुकतंच लिहिलं गेलं होतं. हे विधेयक म्हणजे त्या दिशेचं एक पाऊल, असं त्यांचं म्हणणं होतं.

[दृश्य: जुनं ग्रंथालय. उघडं पुस्तक, समासात रंगीत पेन्सिलीच्या रेघा.]

सिद्धार्थच्या ग्रंथसंग्रहात बाबासाहेबांची स्वतःची पुस्तकं आहेत. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचीही. पानांवर लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. एखाद्या परिच्छेदाला शेजारून उभी रेघ, एखाद्या वाक्याखाली आडवी. लोकशाही म्हणजे नुसती मतपेटी नव्हे, माणसांनी एकत्र जगण्याची ती रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. ज्याने हे असं पेन्सिल हातात धरून वाचलं, त्याला कॉलेजातली संसद म्हणजे स्नेहसंमेलनातला एक कार्यक्रम वाटणं शक्यच नव्हतं.

स्वतः विद्यार्थी असताना त्यांनी हे अनुभवलंही होतं. लंडनमध्ये शिकताना, एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास चालू असताना, त्यांनी विद्यार्थी संघटनेपुढे भारतातल्या जबाबदार शासनपद्धतीवर निबंध वाचला. त्यावरून खळबळ उडाली. हॅरॉल्ड लास्कींसारख्या प्राध्यापकाला त्यातले विचार क्रांतिकारक वाटले. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, १९३५ साली प्राचार्य. त्या कॉलेजच्या नियतकालिकात, जानेवारी १९३६मध्ये, कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी लेख लिहिला.

[दृश्य: संविधान सभेचं जुनं छायाचित्र.]

आणखी एक धागा आहे, आणि तो या कॉलेजच्या नावातच आहे. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघांचा दाखला दिला. संसदीय कामकाजाची रीत भारताला परकी नाही, असं ते म्हणाले. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती (कोरम), पक्षप्रतोद (सदस्यांना हजर ठेवणारा व्हिप), मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव, हे सगळे नियम संघांना ठाऊक होते आणि बुद्धाने ते संघाच्या सभांना लावले होते. हे सांगून दोन महिनेही झाले नव्हते, तोच सिद्धार्थाच्या नावाच्या कॉलेजात मुलांची संसद भरली आणि तिच्यापुढे ते उभे राहिले. हा योगायोग असेल. माझं मन मात्र तसं मानायला तयार नाही.

त्याच्याही आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी बजावलं होतं की सांविधानिक नीतिमत्ता, म्हणजे घटनेची रीत मनापासून पाळण्याची वृत्ती, ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते.

विधेयकाचं पुढे काय झालं, ते सर्वांना माहीत आहे. सप्टेंबर १९५१मध्ये ते बाजूला पडलं आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातल्या तरतुदी १९५५ आणि १९५६ साली चार वेगवेगळ्या कायद्यांनी आल्या. त्याच १९५६ साली आनंद भवनात सिद्धार्थ विधी महाविद्यालय उभं राहिलं.

राजीनाम्यानंतरही त्यांचं हे सांगणं थांबलं नाही. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात, जिल्हा विधी ग्रंथालयात, ते वकिलांपुढे बोलले. लोकशाही चालायची तर काय काय लागतं? समाजात टोकाची विषमता नको. कायद्यापुढे आणि कारभारात सगळे समान हवेत. बहुमताच्या नावाखाली अल्पमताची गळचेपी नको. आणि विरोधी पक्ष हवाच. सरकारला रोजच्या रोज जाब विचारणारा कुणीतरी समोर बसलेला हवा. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

कॉलेजा-कॉलेजांतून अशा संसदा भराव्यात, ही शिफारसही मुंबईतच झाली, १९६२ साली, पक्षप्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेत. आता युवा संसदेच्या स्पर्धा होतात, ढाली मिळतात. तासाभरात बसवलेलं, पाठ केलेलं कामकाज मी पुष्कळ पाहिलंय. त्यात मन रमत नाही, कारण कुणाचं काय चुकणार हे आधीच ठरलेलं असतं.

पण एकदा वेगळं पाहिलं.

[दृश्य: विधी महाविद्यालयाचा एक वर्ग. संध्याकाळ. समोरासमोर सरकवलेली बाकं.]

महाराष्ट्रातलंच एक विधी महाविद्यालय. विद्यार्थ्यांच्या मंडळाने स्वतः मसुदा केलेलं विधेयक होतं: वकिलांकडे शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळावं. कुणी काय बोलायचं, याची संहिता कुणी लिहून दिली नव्हती. अध्यक्षांच्या टेबलावर पितळी घंटी आणि लोकसभेच्या नियमांची पिवळ्या खुणा लावलेली प्रत. मंत्री झालेला मुलगा हातातल्या अहवालातून काही सांगत होता.

विरोधी बाकावरची मुलगी उठली. "अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे. मंत्रिमहोदय ज्या कागदाचा आधार घेत आहेत, तो त्यांनी सभागृहापुढे ठेवलेला नाही."

वर्ग एकदम शांत झाला. मंत्री थांबला. अध्यक्ष झालेल्या मुलाने पानं उलटली, बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. मिनिटभर तरी गेलं असेल. मग तो म्हणाला, "मंत्री शब्दशः वाचत नव्हते, आपल्या शब्दांत सारांश सांगत होते. तेव्हा कागद ठेवणं बंधनकारक नाही. हरकत फेटाळण्यात येत आहे."

मुलीला ते पटलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तिच्या बाजूचे दोघे उठायला लागले, तिने हातानेच त्यांना बसवलं आणि स्वतःही बसली. मंत्र्याचं भाषण पुढे सुरू झालं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं, इथपर्यंत सगळं व्हायचं होतं.

कोपऱ्यात एक मुलगा वहीत कार्यवृत्त लिहीत होता. तो वाकून हळूच म्हणाला, "अगं, नियम कितवा?"

"तीनशे अडुसष्ट."

त्याने लिहून घेतलं.