कुत्रा विसरत नाही, सोकावतो

(पुण्यात श्वानपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "सर, लहानपणी ट्रेनर लावला होता, सगळं शिकला होता, आता विसरला." कुत्रा असतो चार-पाच वर्षांचा. मी विचारतो, हातात जेवणाचं भांडं असताना 'सिट' म्हटलं तर बसतो का? "हो, तेव्हा लगेच बसतो." मग विसरला कुठे?

तो विसरलेला नसतो. मधल्या काळात तो दुसरं काहीतरी शिकलेला असतो, आणि ते आपणच शिकवलेलं असतं. आज मला सांगायचंय ते एवढंच.

साधी हाक घ्या. वेताळ टेकडीवर सकाळी लोक पट्टा सोडतात. (खरं तर तिथे मोर आहेत, सोडू नये, वीस-तीस फुटांची लांब दोरी लावावी. पण सोडतात, म्हणून बोलतोय.) कुत्रा अर्धा तास हुंदडतो. मग ऑफिसची वेळ होते, मालक 'कम' म्हणतो, कुत्रा शहाण्यासारखा येतो. पट्टा लागतो आणि वरात घरी. रोज हेच. महिन्याभरात 'कम'चा त्याच्या लेखी अर्थ होतो, 'चला, मजा संपली.' मग तो दहा पावलांवर उभा राहून आपल्याकडे बघतो आणि आपण म्हणतो, हट्टी झालाय. हट्टी कसला, हिशोबी झालाय. त्याचा हिशोब बदला. एका फेरीत दहा वेळा बोलवा. आला की पट्टा अडकवा, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, पट्टा काढा, परत सोडा. कधी तिसऱ्या हाकेनंतर घरी न्या, कधी नवव्या. शेवटची हाक कुठली, याचा त्याला पत्ता लागता कामा नये.

तुम्ही म्हणाल, हे घरच्या लाडोबांचं झालं. म्हणून पोटापाण्यासाठी नाक चालवणाऱ्या कुत्र्यांकडे जाऊ. इस्रायलमध्ये काही संशोधकांनी स्फोटकं हुंगणाऱ्या, पूर्ण तयार कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना दोन रस्त्यांवरून आलटून पालटून नेलं. एका रस्त्यावर स्फोटकांचे नमुने नेहमी लपवलेले, दुसऱ्यावर कधीच काही नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्या रस्त्यावर कुत्र्यांचा शोध मंदावला. मग तिथे गुपचूप नमुने ठेवले, तर कुत्र्यांच्या हातून ते सुटायला लागले! त्याच दिवसांत पहिल्या रस्त्यावर मात्र काम चोख. नाक तेच, शिक्षण तेच. 'इथे काही मिळत नाही' हा धडा त्यांनी स्वतःच घेतला होता. म्हणून तर हुंगणाऱ्या कुत्र्याचा कोर्स संपला तरी सराव संपत नाही. त्याचा हँडलर मुद्दाम नमुने लपवतो, त्याला शोधू देतो, शाबासकी देतो, आणि हे कुत्रा नोकरीत असेपर्यंत चालतं. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुंगून काढणारा पोलिसांचा कुत्रा 'झंजीर' तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच्या जातभाईंना जर उजळणी लागते, तर आपल्या सोफ्यावरच्या साहेबांना का नको?

आता ताटातली पोळी. जेवताना कुत्र्याला ताटातलं द्यायचं नाही, असा घराचा नियम. सगळे पाळतात, फक्त आजोबा आठवड्यातून एकदा, कोणी बघत नसताना, तूप लावलेल्या पोळीचा तुकडा खाली सोडतात. रोज तुकडा मिळून अचानक बंद झाला असता, तर कुत्रा थोडे दिवस कुरकुरला असता आणि गप्प झाला असता. पण कधी मिळतो, कधी नाही, हा प्रकार सगळ्यात चिवट. मटका लावणारा माणूस का सुटत नाही? तेच कारण. आपल्याकडे म्हणतातच, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. पोळीच्या तुकड्याचं काय एवढं! पण पुढचे सहा महिने तो प्रत्येक जेवणाला टेबलाशी उभा राहतो. आणि आजोबांना कोण बोलणार?

बरं, हीच खोड उलटी वापरता येते. नवी गोष्ट शिकवताना प्रत्येक वेळी खाऊ द्या. पक्की झाली की मधूनमधून. पण 'मधूनमधून' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे. बहुतेकांची गाडी तिथेच घसरते.

भाषेचंही बघा. आपल्या मराठी घरांत कुत्र्याशी बोलायची राजभाषा इंग्रजी. मुलगा 'डाऊन' म्हणतो म्हणजे 'आडवा हो'. बाबा 'डाऊन' म्हणतात म्हणजे 'सोफ्यावरून उतर'. आजी म्हणते 'खाली बस रे बाबा'. कामाच्या मावशी म्हणतात 'चल, हट'. तो बिचारा शेवटी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. शब्द कुठल्याही भाषेतला चालेल, पण एका कामाला घरभर एकच शब्द ठेवा.

मग रोज तासभर वर्ग घ्यायचा का? अजिबात नाही. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत आठवड्यातून एकदा शिकवलेल्या कुत्र्यांना तीच गोष्ट शिकायला आठवड्यातून पाच दिवस शिकवलेल्यांपेक्षा कमी तासिका लागल्या. दिवस अर्थातच जास्त गेले. पण मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आपल्याला घाई कसली? लिफ्टचं दार उघडेपर्यंत बसवा. कुकरची शिट्टी होईपर्यंत चटईवर थांबवा. आणि जागा बदला. स्वयंपाकघरात बसणारा कुत्रा सोसायटीच्या गेटवर, समोर मांजर असताना बसेलच असं नाही. त्याच्यासाठी तो जवळजवळ नवा धडा असतो.

वयाबद्दल बोलायला मला जरा जास्त वेळ लागेल, कारण ते माझ्या घरचं आहे. माझी कुत्री गावठी, नऊ वर्षांची झाली तेव्हा मी तिला एक नवीन गोष्ट शिकवली: माझ्या मांडीवर हनुवटी टेकवायची आणि हलायचं नाही. आधी एक सेकंद, मग तीन, मग दहा. मग हनुवटी टेकलेली असताना मी तिच्या पापणीला नुसता हात लावायचो. तिने मान उचलली की मी हात काढून घ्यायचो, जबरदस्ती नाही. शेजारी हसायचे, या वयात हिला कसली शाळा! अकराव्या वर्षी तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध घालायची पाळी आली. दोघांनी धरायचं, तिसऱ्याने थेंब सोडायचे, असं काही करावं लागलं नाही. मी खुर्चीत बसायचो, ती यायची, हनुवटी टेकवायची.

टोरंटोच्या संशोधकांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर दोन वर्षं एक अभ्यास केला होता. काहींना सुधारित आहार, काहींना सोबत, व्यायाम आणि डोक्याला खुराक, काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेल्यांची शिकण्याची ताकद सगळ्यात चांगली टिकली. माझ्या कुत्रीच्या बाबतीत मी असा दावा करणार नाही, पण शेवटच्या महिन्यातसुद्धा खाऊच्या डब्याचा आवाज झाला की ती मांडीशी हजर असायची.

आता प्रश्न घेऊ. पण त्याआधी, तिसऱ्या रांगेत त्या काकूंच्या पायाशी एक लॅब्रेडोर आहे. अर्धा तास झाला, एकदाही भुंकलेली नाही, कोणाला हुंगायला गेलेली नाही. काकू, तिला काही मिळालं का अजून?

नाही ना. हा घ्या डबा.