इपुरुआचा चढ

(दृश्य : बोगद्यातून बाहेर येणारी गाडी. दोन्ही बाजूंना इमारतींच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे.)

बिल्बाओहून सुटलेली ही गाडी सान सेबास्तियनला पोचायला अडीच तास घेते. वर डोंगराच्या अंगावरून महामार्ग जातो, त्यावरून मोटारीने निम्म्या वेळात जाता येतं. आम्ही तरी वाटेतल्या एइबारला गाडीनेच आलो. का, ते रुळांकडे बघितलं की कळेल. मीटरगेज. अकोला–खांडवा मार्गावर ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना हा डोलणारा डबा ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे ही रेल्वे अजून रोजच्या कामाची आहे. शाळेची मुलं, पाळी संपवून निघालेले कामगार, भाजीच्या पिशव्या, सगळं याच डब्यात.

१८८७ साली हे रूळ डुरांगोकडून एइबारला आले. स्पेनच्या बास्क प्रांतातलं, गिपुस्कोआमधलं हे गाव बिल्बाओ आणि सान सेबास्तियन यांच्या साधारण मधोमध बसलंय. बसलंय म्हणण्यापेक्षा अडकलंय म्हणा. दोन डोंगर आणि मधे चिंचोळी दरी.

(दृश्य : उंचावरून गाव. कॅमेरा नदी शोधत फिरतो, नदी दिसत नाही.)

या दरीत एगो नावाची नदी आहे. दिसत नाही ना? बऱ्याच ठिकाणी ती इमारतींच्या खालून वाहते. सपाट जागाच नव्हती, म्हणून नदीच झाकून टाकली आणि वर कारखाने उभे केले. कारखानेही आडवे पसरलेले नाहीत, उभे आहेत, मजल्यावर मजला. खालच्या रस्त्यावरून पहिल्या मजल्यात शिरायचं आणि मागच्या रस्त्यावरून चौथ्यात. तळमजल्यावर लेथ, वर बिऱ्हाड, अशी घरं इथे कितीतरी होती.

(दृश्य : रस्त्यातले सरकते जिने. काठी टेकत एक आजी वर जातात.)

हे सरकते जिने कुठल्या मॉलमधले नाहीत, भर रस्त्यातले आहेत. सार्वजनिक लिफ्टसुद्धा आहेत, आणि दोन्ही फुकट. सत्तावीस हजार वस्तीच्या गावात याला ऐषाराम कोणी म्हणत नाही. एकदा दूध विसरून घरी गेलात, की कळतं का ते.

(दृश्य : संग्रहालय. काचेमागे बंदुका, पिस्तुलं. एका नळीवर कॅमेरा थांबतो.)

आता गावाच्या मूळ धंद्याकडे. शेकडो वर्षं एइबार म्हणजे बंदुका. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला ‘रुबी’ जातीची पिस्तुलं लाखांनी लागली, तेव्हा इथल्या गल्लीबोळांत रात्रंदिवस कानशी चालत होत्या. इथल्या सरकारमान्य चाचणी केंद्रात बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात. नळी टिकली तर शिक्का. हे शस्त्रसंग्रहालय आहे ‘पोर्तालेआ’ या इमारतीत, आणि ती इमारतही आधी बंदुकांचाच कारखाना होती. या बंदुका पुढे कुठे कुठे गेल्या आणि कोणावर चालल्या, तो वेगळा विषय आहे.

आम्हाला थांबायचंय ते या नळीवरच्या सोन्याशी.

(दृश्य : अगदी जवळून. पोलाद, बारीक पातं, कारागिराची बोटं.)

पोलादाचा हा तुकडा आधी गुळगुळीत केलेला होता. आता त्यावर पात्याने चरे पडताहेत. आधी आडवे, मग उभे, मग तिरपे, इतके दाट की नुसत्या डोळ्यांना फक्त मळकट करडा रंग दिसतो. भिंगाखाली धरला की कळतं, हे बारीक दात आहेत. केसासारखी सोन्याची तार या दातांवर ठेवायची, टोकाने जागच्या जागी दाबायची, वळवायची, पान काढायचं, वेल काढायची. मग छोट्या हातोडीने टकटक. सोनं मऊ, दात कडक. दात सोन्याला धरून ठेवतात. डिंक नाही, डाग देणं नाही. शेवटी सगळा तुकडा क्षारांच्या उकळत्या द्रावणात जातो. पोलाद काळंभोर होतं, सोन्याला काही होत नाही.

(निवेदन थांबतं. फक्त हातोडीचा आवाज.)

आपल्याकडे जुन्या तलवारींच्या मुठींवर कोफ्तगिरी दिसते, तिचीच ही बहीण. एकोणिसाव्या शतकात एइबारच्या एउसेबिओ आणि प्लासिदो सुलोआगा या बापलेकांनी ही कला युरोपभर पोचवली. प्लासिदोचा मुलगा इग्नासिओ पुढे स्पेनचा मोठा चित्रकार झाला. तोही याच गावात जन्मला, १८७० साली.

(दृश्य : एका टेबलावर ओळीने मांडलेल्या वस्तू.)

महायुद्ध संपलं आणि पिस्तुलांची मागणी आटली. पण यंत्रं होती, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर पोसलेले हातही होते. मग त्याच हातांनी काय काय केलं, ते या टेबलावर बघा. हे स्टेपलर ‘एल कास्को’चं. कंपनी १९२० साली सुरू झाली ती रिव्हॉल्व्हरसाठी. हा बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. ही ‘आल्फा’ शिलाई मशीन. आणि बाहेर उभी आहे ती सायकल. ‘ओर्बेआ’ आणि ‘बी.एच.’ दोन्ही नावं आज सायकलवाल्यांना पाठ आहेत, पण दोघांचीही सुरुवात बंदुकीपासून, याच गावात. सायकलची पोकळ नळी आणि बंदुकीची नळी, कारागिराला फार लांबचे नातेवाईक वाटले नसणार. १९३५ साली पहिली ‘व्युएल्ता’, म्हणजे स्पेनची सायकल शर्यत, गुस्ताफ देलूर या बेल्जियन गड्याने जिंकली ती बी.एच.वर बसून. पन्नाशीच्या दशकात इथे लॅम्ब्रेटा स्कूटरही बनू लागल्या. त्याच लॅम्ब्रेटा, ज्या आपल्या मुंबईतही तयार व्हायच्या.

आल्फाची गोष्ट जरा वेगळी. १९२० साली संपात उतरलेल्या कामगारांनी पैसे गोळा करून सहकारी कारखाना काढला. मालक तेच, कामगार तेच. ‘सहकारी’ म्हटल्यावर मराठी माणसाला आधी साखर आठवते आणि मग चेअरमन. इथे रिव्हॉल्व्हर आठवायचं, मग शिलाई मशीन. ‘आपलं आपण उभं करायचं’ ही खोड तेव्हाचीच, आणि पुढे फुटबॉलमध्ये ती पुन्हा दिसेल. म्हणून हे लक्षात ठेवा.

१४ एप्रिल १९३१ च्या पहाटे स्पेनमध्ये सगळ्यात आधी प्रजासत्ताकाचा झेंडा लागला तो एइबारच्या टाउन हॉलवर. सहा वर्षांनी, १९३७ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धात गावावर बॉम्ब पडले.

(निवेदन नाही. छायाचित्रं, आठ सेकंद.)

(दृश्य : सरकत्या जिन्यांवर माणसांची रांग, गळ्यात निळे-लाल मफलर.)

आज सामना आहे. चढ चढून सगळे इपुरुआला चाललेत. इपुरुआ हे मैदान १९४७ चं. एइबारचा फुटबॉल क्लब त्याआधीचा, १९४० मध्ये दोन छोटे संघ एक होऊन झालेला. टोपणनाव अर्थातच ‘आर्मेरोस’, बंदूकवाले. कपडे बार्सिलोनासारखे निळे-लाल. सुरुवातीला स्वतःचा गणवेश नव्हता, प्रांताच्या फुटबॉल संघटनेकडून मिळाला तोच कायम झाला, असं सांगतात.

(दृश्य : मैदानामागच्या उंच इमारती. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेलं एक जोडपं.)

हे लोक तिकीट काढत नाहीत. त्यांची गॅलरीच स्टँड आहे.

हा क्लब अनेक वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर खेळला. मोठे क्लब पोरांना शिकायला इथे पाठवायचे. शाबी आलोन्सो २००० मध्ये काही महिने इथे होता, दाविद सिल्वा २००४-०५ चा अख्खा हंगाम. चिखल, पाऊस, अरुंद मैदान आणि पाठीवर बसलेला बचावपटू; नंतर दोघंही विश्वविजेते झाले.

मग आलं २०१४. आदल्याच वर्षी तिसऱ्या पायरीवरून वर आलेला संघ दुसरा विभाग जिंकून स्पेनच्या सर्वोच्च विभागात गेला. डोक्यावर कर्ज नाही. आणि तरीही कागदावर नापास. १९९९ च्या एका सरकारी नियमाप्रमाणे क्लबचं भागभांडवल ठरावीक पातळीला हवं होतं, आणि ती पातळी इतर क्लबांच्या खर्चाच्या सरासरीवरून काढलेली होती. म्हणजे शेजाऱ्याने उधारीवर बंगला बांधला, म्हणून तुम्ही तुमच्या खोलीचं भाडं जास्त भरा. एइबारला सुमारे १७ लाख २४ हजार युरो उभे करायचे होते. मुदत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नाहीतर थेट खाली.

एखादा धनिक सहज मिळाला असता. क्लबने पन्नास युरोंचा शेअर काढला आणि एका माणसाने किती घ्यायचे यावर मर्यादा घातली. आलोन्सो आणि सिल्वा यांनीही आवाहन केलं. दहा हजारांवर लोकांनी शेअर घेतले. त्यातले कितीतरी जण एइबार नकाशावर कुठे आहे, हेही सांगू शकले नसते. पैसे मुदतीआधी जमले.

(दृश्य : भिंतीवर फ्रेम केलेलं भागपत्र. मागे खोलीतला रेडिओ.)

२४ ऑगस्ट २०१४. पहिल्या विभागातला पहिला सामना, इपुरुआवर, शेजारच्या रेआल सोसिएदादशी. तेव्हा या मैदानात सहा हजार माणसंही मावत नव्हती. मध्यंतराच्या जरा आधी हावी लाराची फ्री किक भिंतीवरून वळली आणि आत गेली. एक-शून्य.

त्या हंगामाच्या शेवटी संघ अठरावा आला, म्हणजे घसरण पक्की. पण एल्चे क्लबला कर्जापायी खाली पाठवण्यात आलं आणि एइबार वर राहिला. कर्ज नसलेल्याला जास्त पैसे आणायला लावणाऱ्या फुटबॉलने वर्षाच्या आत असा हिशोब चुकता केला. गल्लीत यावर अजून हसतात. आम्हीही हसलो.

सात हंगाम संघ तिथे टिकला. २०२१ मध्ये खाली उतरला. ऐंशीच्या दशकात कारखाने मिटले आणि बरेच लोक गाव सोडून गेले, तेही याच दरीत.

(दृश्य : सामना संपलाय. अंधार. सरकत्या जिन्याने खाली येणारी गर्दी, मग फलाट.)

पुढची गाडी आमान्याला थांबते, मग एर्मुआ, मग डुरांगो. डब्यात एक मुलगा काचेवर बोटाने स्कोअर लिहितोय. दार बंद होतं, गाडी बोगद्यात शिरते.