घंटेची आस

[दृश्य: अंधारा माळा. वळणावरून छोटं इंजिन येतं.]

मिरजेतल्या एका घराचा हा माळा. प्लायवूडवर काकांचं ढालगाव स्टेशन उभं आहे, खऱ्याच्या 87 पट लहान. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 9 मिलिमीटर. इथून धावणाऱ्या खऱ्या बार्शी लाईट या नॅरोगेज रेल्वेचा गेज 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. त्याला 87नं भागलं की पावणेनऊ येतात. तेवढा पाव मिलिमीटर काकांनी सोडून दिला, बाकी काही सोडलं नाही.

मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज होते. नॅरोगेजची धाकटी गाडी आरग, सलगरे, ढालगाव करत पंढरपूरला जायची. आता त्या वाटेवर ब्रॉडगेज आहे.

[दृश्य: सोल्डरचा धूर, काकांची बोटं.]

स्टेशनात घंटा हवी. काकांच्या कानातली घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर हातोडा.

हा आठ पायांचा काळा किडा म्हणजे 555, वेळ मोजणारी टायमर आयसी. हान्स कॅमेन्झिंड यांनी 1971 साली सिग्नेटिक्ससाठी आखलेला, आजही चहाच्या पैशांत मिळणारा. इथे असे दोन आहेत. एक ठोके मोजतो, दुसरा सूर धरतो. सुराच्या आयसीला 1 के आणि 6.8 के, म्हणजे किलोओहमचे, रेझिस्टर आणि वीज साठवणारा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला हजाराच्या आसपास कंपनं. ठोक्याच्या आयसीला 10 के, 100 के, 10 मायक्रोफॅरड आणि 100 केवर आडवा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणारा भाग. त्यामुळे ठोका क्षणभराचा, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत जवळजवळ पाऊण सेकंद मोकळा.

दोन्ही नुसते जोडले तर? ऐका.

[आवाज: पीं… पीं… पीं…]

टेम्पो रिव्हर्स घेतोय.

घंटा ठोक्यात नसते, ठोक्यानंतर असते. तंबोरे घडवणाऱ्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही. तार छेडल्यावर मागे राहते ती आस. म्हणून मध्ये आणखी एक डायोड आणि 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ठोका पडला की तो झटक्यात भरतो. डायोड त्याला उलटं जाऊ देत नाही, मग तो 10 केमधून, सुराचा जोर ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे हळूहळू रिता होतो. तो रिता होईल तसा सूर विरत जातो. 22 मायक्रोफॅरड लावलं तर घंटा घाईत वाटते, 100 लावलं तर एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. काकांनी तिन्ही लावून पाहिले. आमची एक अख्खी दुपार त्यात गेली.

[दृश्य: स्पीकरवर स्टीलची वाटी पालथी पडते.]

हे कुठल्याच सर्किटच्या आकृतीत नाही. वाटी काकूंची आहे, आणि ती परत द्यायची आहे.

इंजिनाच्या पोटाखाली चुंबक, रुळांमध्ये रीड स्विच, चुंबक जवळ आला की जोडला जाणारा. चुंबक वरून गेला की ठोक्याच्या 555च्या चौथ्या, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या, पायाला व्होल्टेज मिळतं आणि ठोके सुरू होतात.

गाडी सलगऱ्याहून सुटली आहे.

[निवेदन थांबतं. घंटा.]