दिवा उघडता येतो का?

नमस्कार श्रोतेहो.

चीनच्या झेजियांग प्रांतात शाओशिंग नावाचं शहर आहे. त्यातला कछ्याओ हा भाग कापडाच्या बाजारासाठी ओळखला जातो. इमारतीला लागून इमारत, आणि आत कापडाची हजारो दुकानं. आपल्याकडचे व्यापारी तिथे खरेदीला जातात, काही जण बिऱ्हाड करून राहतातही. माझे यजमान कापडाच्याच धंद्यातले, त्यामुळे आमचाही मुक्काम काही वर्षं तिथे होता. दुकानांत, गोदामांत काम करणाऱ्या मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवायचे.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. बोलता बोलता अंधारून आलं. एक मुलगी उठली, भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "टीचर, आय ओपन द लाइट?"

मी चटकन म्हणाले, "नो, टर्न ऑन द लाइट." तिने मान डोलावली, दिवा लागला, वर्ग पुढे गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलाने पंखा 'ओपन' केला. मग एकाने एसी केला, एकीने फोन केला. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की ही मुलं चुकत नव्हती, भाषांतर करत होती, आणि तेही अगदी काटेकोर. त्यांच्या भाषेत दिव्याचं क्रियापद आणि दाराचं क्रियापद एकच आहे. ते म्हणजे 'खाय'.

या 'खाय'चं जुनं अक्षर बघण्यासारखं आहे. दाराच्या दोन फळ्या, मध्ये आडवा अडसर, आणि खालून तो अडसर उचलणारे दोन हात. नुसतं चित्र पाहूनही अर्थ कळावा. 1956 मध्ये चीनमध्ये लिपी सोपी करण्याची योजना आली, तेव्हा या अक्षरातल्या फळ्या गेल्या. अडसर आणि हात तेवढे उरले. तैवानमध्ये आणि हाँगकाँगमध्ये अजून जुनं, फळ्यांचं अक्षरच लिहितात. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते, कारण बोलण्यातही 'खाय' त्या दारापाशी कधीच थांबला नाही. दिवा लावायचा, 'खाय तंग'. गाडी चालवायची, 'खाय छ'. बैठक घ्यायची, 'खाय ह्वेइ'. फूल उमललं तरी 'खाय', शाळा सुरू झाली तरी 'खाय', डॉक्टरांनी ऑपरेशन केलं तरी 'खाय'. आणि चुलीवर पाण्याला आधण आलं की म्हणायचं, पाणी 'खाय' झालं. चीनमध्ये उकळलेलं पाणी प्यायची सवय आहे, रेल्वे स्टेशनवरही गरम पाण्याचे नळ असतात आणि त्यांवर हेच अक्षर लिहिलेलं असतं. माझी एक विद्यार्थिनी केटलीपाशी उभी राहून मला म्हणाली होती, "वेट, टीचर, द वॉटर इज नॉट ओपन." तिला म्हणायचं होतं, पाण्याला अजून उकळी फुटली नाही.

आता प्रश्न असा, की ही मुलं शाळेत इंग्रजी शिकली नव्हती का? शिकली होती. चीनमध्ये 2001 साली इंग्रजी तिसरीपासून शिकवायचं धोरण आलं, आणि कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत तर इंग्रजीचा पेपर असतोच. पण पुस्तकामागे शब्दांची यादी असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. 'ओपन' समोर 'खाय'. मुलं ती यादी मन लावून पाठ करतात, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. 'ओपन' समोर 'खाय' लिहिणं बरोबरच आहे, पण 'खाय' दिसेल तिथे 'ओपन' ठेवता येत नाही.

मी त्यांना एक नियम करून दिला. जे उघडलं की आतलं दिसतं किंवा आतबाहेर करता येतं, ते ओपन. दार, पेटी, पाकीट, पुस्तक, डोळे. विजेवर चालतं ते टर्न ऑन. गाडी असेल तर ड्राइव्ह. नियम सांगून मी खुशीत होते, तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "टीचर, अंब्रेला?" छत्री! छत्रीच्या आत काय दिसतं? मग मी नियम थोडा सैल केला. मिटलेलं उलगडलं तरी ओपन. तर दुसरीने विचारलं, बँकेतलं खातं? ते इंग्रजीतही 'ओपन'च करतात, आणि चिनीतही 'खाय'च. बंदुकीचा गोळीबार सुरू करणं, तेही दोन्हीकडे 'ओपन' आणि 'खाय', शब्दाला शब्द. म्हणजे काही ठिकाणी यादी पुरेपूर बरोबर ठरते, आणि म्हणूनच ती सोडवत नाही.

सगळ्यात मोठा धक्का दिला तो वर्गात येणाऱ्या एका वायरमनने. तो म्हणाला, तुम्ही दिवा ओपन करू नका म्हणता, पण माझ्या कामात ओपन आहे, आणि ते उलटं आहे. खरंच आहे. इलेक्ट्रिकच्या भाषेत 'ओपन सर्किट' म्हणजे तुटलेला मार्ग. स्विच 'ओपन' असेल तर वीज पुढे जात नाही, दिवा विझलेला असतो. त्याने फळ्यावर दोन रेघा काढल्या, मध्ये फट ठेवली आणि म्हणाला, "दिस इज ओपन. नो लाइट." आणि गंमत अशी, की चिनीत स्विचला 'खाय-क्वान' म्हणतात. 'खाय' म्हणजे उघड, 'क्वान' म्हणजे बंद कर. त्या संध्याकाळी मी शिकवलं कमी आणि ऐकलं जास्त.

त्यानंतर मी नियम सांगणं बंद केलं. वहीत सुटा शब्द लिहायचाच नाही, जोडी लिहायची. 'टर्न ऑन द लाइट' हे सगळं मिळून एक. 'ड्राइव्ह अ कार' हे एक. 'बॉइल द वॉटर' हे एक. ज्या मुलींना दुकानात रोज गिऱ्हाइकाला बिल द्यावं लागायचं, त्या 'ओपन द फाप्याओ' म्हणायच्या. फाप्याओ म्हणजे तिथलं अधिकृत बिल. ते करून देणं म्हणजे 'खाय'. आपण नाही का पावती 'फाडतो'? इंग्रजीत पावती कुणी उघडतही नाही आणि फाडतही नाही, 'राइट अ रिसीट' म्हणायचं. त्या मुलींना हे पहिल्या फटक्यात आलं, कारण दिवसातून वीस वेळा तोंडात बसलं. गरजेचं वाक्य लवकर मुरतं, हा माझा अनुभव आहे.

एक कोपरा मात्र शेवटपर्यंत अडत राहिला, आणि तिथे मराठी माणसालाही अडखळायला होतं. दुकान 'ओपन' आहे, पण दुकान 'क्लोज' नाही, 'क्लोज्ड' आहे. जोडीतल्या एकाला शेपूट आहे, दुसऱ्याला नाही. मुलं एक तर 'द शॉप इज ओपन्ड' म्हणायची, नाही तर 'द शॉप इज क्लोज'. पहिल्या वाक्यात दुकान कुणीतरी उघडल्याची बातमी आहे, ते आत्ता उघडं आहे एवढंच सांगायचं असेल तर 'ओपन'. मराठीत हा फरक आपण सहज करतो. 'दुकान उघडं आहे' आणि 'दुकान उघडलं' ही आपल्याला एक वाटत नाहीत. चिनीत शब्दाचं रूपच बदलत नाही, म्हणून त्यांना हा फरक कानाने नाही, समजून घ्यावा लागतो. त्यात इंग्रजी 'क्लोज' चा उच्चार 'क्लोस' झाला की अर्थ 'जवळ' असा होतो. 'द शॉप इज क्लोस' ऐकून गिऱ्हाईक चालत आलं तर त्याचा दोष नाही.

आपणही यातून सुटलेलो नाही. 'तिने केस मोकळे सोडले' हे आपण इंग्रजीत 'ओपन हेअर' असं म्हणतो. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते 'हेअर डाउन' किंवा 'लूज' म्हणतात. ग्रीक माणूस आपल्या भाषेत दिवा 'उघडतो', फिलिपीन्समध्ये तर इंग्रजी बोलतानाही सर्रास 'ओपन द लाइट' म्हणतात. म्हणून कुणी चिनी माणूस असं बोलला तर हसू नये, असं मला मनापासून वाटतं. तो कसा विचार करतो हे त्या एका शब्दातून आपल्याला दिसतं.

त्यातही एक चूक दुरुस्त करताना माझा जीव वर-खाली झाला होता. एका मुलीची बढती झाली होती. ती वर्गात आली, चेहरा फुललेला, आणि म्हणाली, "टीचर, टुडे आय ॲम ओपन हार्ट." चिनीत आनंदी असणं म्हणजे 'खाय शिन', हृदय उघडणं. इंग्रजीत 'ओपन हार्ट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हृदयाची शस्त्रक्रिया येते. मी तिला त्या दिवशी काहीच बोलले नाही. पुढच्या आठवड्यात हळूच सांगितलं.

निरोपाच्या संध्याकाळी तिनेच विचारलं, तुमच्या भाषेत दिव्याला काय म्हणता? मी म्हटलं, "दिवा लाव." तिने वहीत उच्चार लिहून घेतला. मग म्हणाली, आणि दार बंद करायला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि क्षणभर थांबले. "दार लाव," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा वहीकडे बघितलं. मग एका 'लाव'खाली तिने 'खाय' काढलं, आणि दुसऱ्या 'लाव'खाली 'क्वान'.

नमस्कार.