दंड भरल्यानंतरही उरणारे पॉइंट

श्रोतेहो, नमस्कार. वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दलचा दंड भरला की प्रकरण मिटले, असे बहुतेक चालक मानतात. पेनल्टी पॉइंटची पद्धत असलेल्या देशांत मात्र पैसे भरल्यानंतरही त्या उल्लंघनाची नोंद चालकाच्या नावावर राहते आणि पॉइंट ठरावीक मर्यादेला पोहोचले की परवाना गमवावा लागतो. दंडाची रक्कम सधन माणसाला जाणवतही नाही. परवाना जाण्याची धास्ती सर्वांना सारखीच असते, म्हणून मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते.

पॉइंट मोजण्याची रीत सगळीकडे एक नाही. जर्मनीत ते साचत जातात आणि 8 झाले की परवाना काढून घेतला जातो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 पॉइंट झाल्यास न्यायालय सहसा किमान सहा महिन्यांची बंदी घालते. मात्र परवाना मिळून दोन वर्षे झालेली नसतील, तर तो 6 पॉइंटांवरच रद्द होतो. तेथे गाडी चालवताना मोबाईल हातात घेऊन वापरला, तर एका फटक्यात 6 पॉइंट लागतात, म्हणजे नवख्या चालकाला तेवढे एक उल्लंघन पुरते. फ्रान्समध्ये 1992 पासून उलटा हिशेब आहे : अनुभवी चालकाच्या खात्यावर 12 पॉइंट असतात आणि प्रत्येक उल्लंघनागणिक ते कमी होतात. त्यामुळे नोंदीत शून्य दिसले, तर ब्रिटनमधल्या चालकाने निश्चिंत व्हावे, फ्रान्समधल्याने मात्र परवाना गेला असे समजावे.

ही नोंद पाहायची ती परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या अधिकृत संकेतस्थळावरच. ब्रिटनमध्ये परवाना क्रमांक, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि पोस्टकोड दिला की ती विनामूल्य दिसते. जर्मनीत फ्लेन्सबुर्ग येथील मोटार वाहन कार्यालयाकडून ती टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राच्या आधारे ऑनलाइन मिळते, तीही विनामूल्य. मोबाईलवर आलेल्या संदेशातील लिंक उघडून तेथे परवान्याचा तपशील कधीही भरू नये. अशा संदेशांतून फसवणूक होते.

नोंद हाती आल्यावर नुसता आकडा पाहून थांबू नका, तारखाही वाचा. ब्रिटनमध्ये बहुतेक पॉइंट बंदीच्या हिशेबात तीन वर्षे धरले जातात, पण नोंदीत चार वर्षे राहतात, आणि मद्यपान करून गाडी चालवल्याची नोंद तर अकरा वर्षे पुसली जात नाही. आपली गाडी दुसऱ्याने चालवली असताना कॅमेऱ्याने टिपली, तर नोटीस बहुधा मालकाच्या नावाने येते. अशा वेळी चालक कोण होता हे मुदतीत कळवले नाही, तर मालक स्वतःच अडचणीत येतो.

पॉइंट कमी करण्याची सोयही काही ठिकाणी आहे, परंतु तिला वेळेचे बंधन आहे. जर्मनीत स्वेच्छेने प्रशिक्षण घेतल्यास पाच वर्षांतून एकदा एक पॉइंट कमी होतो, तोही एकूण पॉइंट 5 पेक्षा जास्त नसतील तरच. फ्रान्समध्ये दोन दिवसांच्या वर्गामुळे 4 पर्यंत पॉइंट परत मिळतात. शिल्लक शून्य झाल्याचे अधिकृत पत्र हाती पडल्यावर मात्र त्या वर्गाचा काही उपयोग होत नाही.