फेसलेली मोहरी आणि पानाची दारं

[दृश्य : वाटीत मोहरीची पूड, वरून पाण्याची धार]

मोहरीची पूड कोरडी हुंगा, विशेष काही नाही. गार पाणी घालून फेसा, झणका थेट नाकात! फोडणीतल्या मोहरीला तो नसतो, कारण ही करामत मायरोसिनेज नावाच्या प्रथिनाची, आणि तापल्या तेलात ते टिकत नाही. बी भरडली, पाणी मिळालं, की ते शेजारच्या कप्प्यातल्या ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त द्रव्यावर तुटून पडतं आणि झणका सुटतो.

हेच प्रथिन भलत्याच जागी सापडलं.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पानाची साल]

घेवड्याच्या दाण्यांसारख्या या जोड्या म्हणजे रक्षक पेशी. मधली फट, पर्णरंध्र. पाणी कमी पडलं की झाडात ॲब्सिसिक ॲसिड हे संप्रेरक वाढतं आणि ही दारं मिटतात. आतला कारभार कोणती प्रथिनं पाहतात? अख्खं पान वाटून ते कळत नाही. प्रकाशसंश्लेषणातलं प्रथिन रुबिस्कोच इतकं निघतं की बाकीची झाकली जातात. डीएनएच्या पीसीआर या तंत्राने हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. प्रथिनांना ती सोय नाही.

म्हणजे पेशीच गोळा करायच्या. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सेरा ॲसमन यांच्या गटाने मोहरीच्याच कुळातलं वीतभर ॲराबिडॉप्सिस घेतलं. पानं पाण्यासकट मिक्सरमधून फिरवायची. आतला मऊ गर फुटून जातो, साल उरते. ती जाळीवर धुऊन एन्झाइमच्या द्रावणात सोडायची. सालीच्या इतर पेशी आधी सुटतात. रक्षक पेशींची भिंत चिवट, ती शेवटी विरघळते. हाती येतात बिनभिंतीचे इवले गोळे. जरा धसमुसळेपणा केला की फुटलेच.

२२,००० झाडं लागली. पेशी ३० कोटी. म्हणजे एका झाडामागे साडेतेरा हजारांच्या आसपास!

[दृश्य : मास स्पेक्ट्रोमीटर, पडद्यावर उंचसखल रेघा]

प्रथिनांचे तुकडे करून यंत्राने त्यांची वजनं घेतली. २००८ साली यादी छापून आली : १,७३४ प्रथिनं. त्यात टीजीजी१ हे मायरोसिनेज डोळ्यात भरण्याइतकं मुबलक.

किडीशी झुंजणारं म्हणून ओळखीचं हे प्रथिन दारावर काय करतंय? टीजीजी१ निकामी असलेल्या झाडांना ॲब्सिसिक ॲसिड दिलं. एरवी त्याने पोटॅशियम आत घेणाऱ्या वाटा आवळल्या जातात. इथे त्या पुरेशा आवळल्याच नाहीत. पोटॅशियम आत येत राहिलं, त्यामागोमाग पाणी. पेशी फुगल्या. फट उघडू लागली.

[दृश्य : हळूहळू उघडणारं पर्णरंध्र]