गाडीवरचे चायनीज आणि टोपलीतले डिमसम

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरापासून नांदेड-लातूरपर्यंत, आणि आता तर तालुक्याच्या बसस्थानकाबाहेरही, दिवेलागणीला चायनीजची जी गाडी लागते तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याची सुशिक्षितांत एक रीत पडून गेली आहे. ‘हे काही खरे चायनीज नव्हे’ एवढे म्हटले की आपली अभिरुची सिद्ध झाली, असे त्यांना वाटते. ते चीनमधले चायनीज नाही हे मान्यच आहे. पण म्हणून ते खोटे ठरत नाही.

कोलकात्याजवळच्या अछिपूरला अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी वस्ती झाली. पुढे शहराच्या टांगरा भागात हाक्का या चिनी समाजाच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांबरोबर त्यांची उपाहारगृहेही उभी राहिली आणि त्या स्वयंपाकाने इथली तिखटाची आवड ओळखून आपली चव बदलून घेतली. मंचुरियनचे श्रेय सामान्यतः नेल्सन वांग यांना दिले जाते. कोलकात्यात जन्मलेल्या या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये लसूण, आले आणि हिरवी मिरची परतली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस व कॉर्नफ्लोअर घातले, असे सांगतात. त्यातल्या चिकनची जागा आपल्याकडे पत्ताकोबीच्या गोळ्यांनी घेतली, तेव्हा शाकाहारी घरांतली मुलेही गाडीवर येऊ लागली.

या गाडीवर कसब नसते असे समजू नये. भात आधी शिजवून, पसरून, गार केलेला असतो, म्हणून तो कढईत मोडत नाही. ब्लोअरच्या भट्टीवर कढई धुरावते तेव्हाच त्यात तेल पडते. आणि जाणता कारागीर सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडतो, त्यामुळे तो क्षणभर करपून त्याचा वास भाताला लागतो. माझी तक्रार आहे ती लाल रंगाबद्दल. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. आपल्या गिऱ्हाइकाने ‘रंग नको’ एवढे म्हणायला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर डिमसम, म्हणजे पारीत सारण भरून बांबूच्या टोपलीत वाफवलेले छोटे पदार्थ, आले आहेत, आणि घोटाळा तिथे होतो. कारण गाडीने लावलेली जीभ घेऊनच आपण त्या टोपलीकडे वळतो. डिमसम हा दक्षिण चीनमधल्या कँटनकडचा, सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर खाण्याचा प्रकार आहे. हाँगकाँगच्या चहागृहांत चहा पुन्हा हवा असेल तर किटलीचे झाकण थोडे सरकवून ठेवतात, आणि कोणी आपल्या कपात चहा ओतला तर बोटांनी टेबलावर हलके ठोकून आभार मानतात. तिथे चहाच मुख्य असतो. आपण मात्र डिमसमला सूप आणि नूडल्सच्या मधले ‘स्टार्टर’ करून टाकले आहे.

त्यातले खरे कसब पारीत आहे. ‘हार गाव’ नावाच्या कोळंबीच्या डिमसमची पारी मैद्याची नसते. गव्हातले ग्लूटेन काढून उरलेल्या स्टार्चवर उकळते पाणी घालून ती उकड मळतात, म्हणून वाफवल्यावर ती अर्धपारदर्शक होते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसतो. नागपंचमीला पुरणाची दिंडे वाफवणाऱ्या आपल्या घरांना वाफेचे हे शास्त्र नवे नाही: झाकणाचे पाणी टपकले की पदार्थ चिकट होतो, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. बांबूची टोपली ती जास्तीची वाफ शोषून घेते आणि थोडी बाहेरही सोडते. धातूचे बंद झाकण ते करीत नाही, आणि गाडीवरचे कितीतरी मोमो बुडाशी लिबलिबीत निघतात ते यामुळेच.

ही पारी गार झाली की चिवट होते. म्हणून फोटो काढत बसू नये, एका वेळी दोनच टोपल्या मागवाव्यात आणि पहिला घास शेजवान चटणीशिवाय घ्यावा. त्या लसूण-मिरचीखाली कोळंबीची गोडी कळणेच शक्य नाही. शाकाहारी मंडळींनी मशरूम किंवा पालक-मक्याचे घ्यावेत. पत्ताकोबीचे सारण पाणी सोडते आणि पारी फुटते. हाक्का नूडल्स हवेच असतील तर टोपल्या रिकाम्या झाल्यावर सांगावेत, आणि वेटर सगळे एकदमच आणतो म्हणाला तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.